आक्कांचा डबा आणि आईंच्या पायांतल्या मुंग्या

पत्र :

मॅडम, नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. घरात चौघं. सासूबाई ६८, मिस्टर ४६, मी ४१ आणि मुलगा १८. श्रावणात मंडळानं गल्लीत रक्ततपासणीचं शिबिर ठेवलं होतं. सासूबाईंची बी-१२ आली १४८, यांची डी आली १३. माझं हिमोग्लोबिन ९.४ आहे, पण मला तसं काही होत नाही, जिना चढताना जरा दम लागतो एवढंच. माझ्या थोरल्या नणंद, आम्ही आक्का म्हणतो, एका कंपनीचे व्हिटॅमिनचे डबे विकतात. रिपोर्ट बघून म्हणाल्या, सगळ्यांनाच कमतरता आहे, सगळ्यांनी रोज दोन-दोन गोळ्या घ्या. महिन्याला ३,२०० रुपये जातात. शिवाय हे तेव्हापासून दर रविवारी डीची साठ हजार युनिटची पुडी दुधातून घेतात. यांचं लक्ष्मीपुरीत दुकान आहे, पण रोज पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातात, तरी डी कमी कशी? सासूबाई माळकरी, अंडंही चालत नाही. बारा वर्षं शुगरची गोळी चालू आहे. रात्री पायांत मुंग्या येतात, झोप नाही. हे आणि मुलगा मटण बाहेर खातात. मुलगा तालमीत जातो, त्याला वाटतं गोळ्यांनी ताकद येते. खर्च झेपत नाही, पण आक्कांना नाही कसं म्हणू? घेतलेल्या डब्यांचं काय करू? आणि हे सगळं जेवणातून मिळत नाही का?
— एक सून, राजारामपुरी

उत्तर :

ताई, उत्तर लांबलंय, सावकाश वाचा. दोन कामं तेवढी आधी उरका. मिस्टरांची पुडी या रविवारी फोडू नका. आणि आईंना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. जाताना श्रावणातला रिपोर्ट आणि त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर घ्या. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा नाहीतर सीपीआर या सरकारी रुग्णालयात, पण जा. पायांतल्या मुंग्या 'वय झालं, चालायचंच' म्हणून सोडून द्यायच्या नसतात.

आता डबा. घरात कमतरता आहे हे आक्कांचं म्हणणं खरं आहे. चुकतंय ते पुढचं, की म्हणून सगळ्यांनी एकच गोळी घ्यावी. तुम्ही पाठवलेले आकडे मी चौघांच्या नावापुढं मांडले तर चार वेगळीच प्रकरणं निघाली. आईंना औषध लागणारच आहे, नुसत्या जेवणावर भागायचं नाही. मिस्टरांनी घेतलं तेवढं पुरे झालं, कदाचित जास्तच झालं. तुम्हाला जे कमी आहे ते व्हिटॅमिन नाहीच. आणि चिरंजीवांना काही झालेलं नाही. अशा चौघांना एकाच डब्यातल्या दोन-दोन गोळ्या दिल्या, तर ज्यांना खरी गरज आहे त्यांना त्या कमी पडतात आणि बाकीच्यांचे पैसे वाया जातात.

जेवणातून मिळत नाही का, असं विचारलंत. बहुतेक सगळं मिळतं. व्हिटॅमिनं शरीराला लागतात ती अगदी कणभर. सी दिवसाला शंभर मिलिग्रॅमच्याही आत, आणि बी-१२ तर दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमटीतसुद्धा दिसणार नाही इतकं. पण बहुतेक व्हिटॅमिनं शरीर स्वतः तयार करत नाही, म्हणून ताटातून आली पाहिजेत. त्यांतून ताकद मिळत नाही, उष्मांक शून्य. भाकरीतून, डाळीतून, तुपातून आलेल्या ताकदीचा वापर शरीराला नीट करता यावा म्हणून ती लागतात.

कोल्हापूरच्या माणसाला पुढचं सगळं रश्श्याच्या वाटीवरून कळतं. तांबड्या रश्श्यावर तर्री येते ती तेलाची, खाली असतं ते पाणी. ए, डी, ई आणि के ही व्हिटॅमिनं तर्रीतली, म्हणजे तेला-तुपात विरघळणारी. बी गटातली सगळी आणि सी खालच्या पाण्यातली. म्हणून पालेभाजी उकडून पाणी मोरीत ओतलं की बी आणि सी तिथंच गेलं. म्हणूनच गाजर नुसतं चावून खाण्यापेक्षा थोड्या तेला-तुपाबरोबर खाल्लं तर अंगी जास्त लागतं. जास्त झालेलं पाण्यातलं व्हिटॅमिन बहुतांशी लघवीवाटे निघून जातं. तेलातलं मात्र यकृतात आणि चरबीत साठत राहतं. मिस्टरांच्या पुडीबद्दल मी घाई करतेय ती यासाठी.

तर्रीचा लाल रंगही साधासुधा नाही. मिरचीतली लाल-केशरी रंगद्रव्यं तेलात उतरतात, त्यांतली काही पोटात गेल्यावर ए व्हिटॅमिनमध्ये बदलतात. सी व्हिटॅमिनचा शोधही मिरचीपाशी येऊन थांबतो. हंगेरीतल्या सेगेड गावात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी नावाचे शास्त्रज्ञ होते. सेगेड तिथल्या पाप्रिका मिरचीसाठी प्रसिद्ध, आपल्याकडं ब्याडगीचं नाव असतं तसं. १९३० च्या दशकात त्यांनी त्या ताज्या मिरचीतून सी व्हिटॅमिन भरपूर वेगळं काढून दाखवलं आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण ही गोष्ट ओल्या मिरचीची. उन्हात वाळवली, भाजली, कांडपाला नेली की सी जवळजवळ संपतं. कांदा-लसूण चटणीवर त्यासाठी भिस्त ठेवू नका. लिंबू, कोथिंबीर, पेरू, आवळा हे बरे, तेही शक्यतो कच्चे. लिंबू उकळत्या आमटीत पिळण्याऐवजी ताटात पिळा.

आता आईंकडे येते. सगळ्यांत काळजीचं प्रकरण त्यांचंच आहे.

बी-१२ ना झाड तयार करतं ना प्राणी. ते फक्त जिवाणू बनवतात. जनावरांच्या शरीरात ते साठतं आणि तिथून मटण, मासे, अंडी, दूध यांतून आपल्याला मिळतं. माळकरी माणसाला यातलं दूध-दही तेवढं उरतं. पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे दोन पेले दूध आणि वाटीभर दही रोज पोटात गेलं तर हिशेब जमतो. आईंच्या पोटात खरोखर किती जातं ते एक दिवस बघा. बऱ्याच घरांत आई-आज्जींचं दूध म्हणजे चहातलं दोन चमचे, आणि साय-दही नातवाला.

पण समजा त्या भरपूर दूध घेतात. तरीही अडचण सुटत नाही, कारण खाल्लेलं बी-१२ रक्तापर्यंत जायचा रस्ता लांबचा आहे. अन्नातून ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. मग जठरातच तयार होणारं एक प्रथिन त्याला धरतं आणि लहान आतड्याच्या पार शेवटच्या टोकाला नेतं, तिथं ते शोषलं जातं. वय वाढलं की आम्ल कमी होतं. आईंची शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल, बहुतेकांची तीच असते, तर ती वर्षानुवर्षं घेतल्यावर शेवटच्या टोकाचं शोषण कमी करते. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२२ मध्ये डॉक्टरांना मुद्दाम कळवलं होतं, की मेटफॉर्मिनवरच्या रुग्णात कमतरतेची लक्षणं दिसली तर बी-१२ तपासा. आणि आई सकाळी चहाआधी पित्ताची गोळी, पॅन्टोप्राझोल किंवा तसलं काही, रोज घेत असतील तर आम्लही आणखी कमी. म्हणून म्हटलं, सगळ्या पट्ट्या न्या. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनानं बंद करू नका, शुगर वाढली तर पायांच्या नसांचं आणखी वाटोळं होईल.

बहुतेक प्रयोगशाळा २०० च्या खाली आलं की कमी म्हणतात. १४८ आणि वर मुंग्या, म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. नसांवर एक आवरण असतं, ते धड राहायला बी-१२ लागतं. ते विरत गेलं की मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, चालताना तोल जातो, विसरायला होतं, जीभ लाल आणि गुळगुळीत होते. वेळेत औषध मिळालं तर बरंचसं भरून येतं. फार उशीर झाला तर काही नुकसान कायमचं राहतं. शुगरमुळंही अशाच मुंग्या येतात, दोन्ही कारणं एकत्रही असू शकतात. ते निदान डॉक्टरच करतील, मी आहाराचं सांगणारी बाई.

आता आक्कांच्या डब्याची मागची बाजू फिरवून बघा. बारीक अक्षरात वीस-बावीस नावांची यादी असेल. बी-१२ शोधा. अशा सरसकट डब्यांत ते बहुधा एक-दोन मायक्रोग्रॅम असतं. डॉक्टर उपचारासाठी गोळी देतात ती हजार किंवा त्याहून जास्त मायक्रोग्रॅमची, नाहीतर इंजेक्शन. एवढं का? तर ज्या प्रथिनाबद्दल वर सांगितलं ते एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नेऊ शकत नाही. त्याच्या मदतीशिवाय, नुसतं झिरपून, शंभरातला एखादाच भाग आत जातो. हजार घेतले तर दहाच्या आसपास. पण दहा म्हणजे गरजेच्या चौपट, काम होतं. डब्यातल्या एकानं ते होणार नाही, चार महिने घेतलं तरी मुंग्या का थांबल्या नाहीत ते यातच आलं.

त्या यादीत फॉलिक ॲसिडही असेल. ते वाईट नाही, गरोदर बाईला तर हवंच, आणि त्याचा शोध लागला तो आपल्या मुंबईत. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२० च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत आल्या होत्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विशिष्ट प्रकारचा पांढरेपणा, म्हणजे रक्तक्षय, होत होता. मार्माइट नावाच्या, यीस्टपासून केलेल्या स्वस्त पदार्थानं तो बरा होतो असं त्यांनी दाखवलं आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे पुढं ओळखलं गेलेलं फोलेट. पण आईंच्या बाबतीत एक मेख आहे. बी-१२ कमी असताना भरपूर फॉलिक ॲसिड मिळालं की रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, आणि नसांची झीज आतल्या आत चालूच राहते. रिपोर्ट चांगला म्हणून घरचे निर्धास्त, आणि पाय तर बधिर होत चाललेले. म्हणून आधी बी-१२ चं बघायचं.

आईंची पहिली शंका ही असणार की हे औषध मांसाचं तर नाही? एके काळी ते खरोखर तसंच होतं. १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी एका जीवघेण्या रक्तक्षयाच्या रुग्णांना रोज वाटीच्या वाटी काळीज, म्हणजे जनावराचं यकृत, खायला घालून वाचवलं, आणि पुढं त्या काळजातलं औषध म्हणजेच बी-१२ निघालं. आता मात्र ते कारखान्यात जिवाणूंकडून आंबवून तयार करतात, तेव्हा आईंना सांगायला हरकत नाही की यात जनावर नाही. शंका असेल ती कॅप्सूलच्या कवचाची. मऊ, चकचकीत कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतं. डॉक्टरांना साधी गोळी किंवा इंजेक्शन द्या म्हणावं. आक्कांच्या डब्यावर हिरवा ठिपका आहे का तेही बघा, पण आईंसमोर नको. नसला तर घरात वेगळंच रामायण सुरू व्हायचं.

शेवग्याच्या पाल्यात, मोड आलेल्या मटकीत, स्पिरुलिनात बी-१२ असतं असं मोबाईलवर फिरत असतं. शेवगा, मटकी खुशाल खा, त्यांचे गुण वेगळे आहेत. बी-१२ त्यात नाही. स्पिरुलिनात जे सापडतं ते दिसायला बी-१२ सारखं, पण माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही.

मिस्टरांचं आता. पहाटे रंकाळ्यावर जाऊनही डी कमी कशी, असं विचारलंत. फिरणं उत्तम, ते चालूच ठेवू दे. पण कोवळ्या उन्हात डी तयार होत नाही. कातडीत डी बनायला उन्हातले जे किरण लागतात ते सूर्य तिरका असताना हवेतच अडतात. साधी खूण सांगते : उन्हात उभं राहिल्यावर आपली सावली आपल्यापेक्षा लहान पडत असेल तेव्हाचं ऊन कामाचं. म्हणजे साधारण दहा ते तीन, आणि नेमके त्याच वेळी ते लक्ष्मीपुरीत दुकानात. दुकानाच्या काचेतून आलेलं ऊनही चालत नाही, काच ते किरण अडवते. शिवाय तपासणी झाली श्रावणात, कोल्हापुरात जून-जुलै ढगांत गेल्यावर. त्या दिवसांत अर्ध्या गल्लीची डी कमी आली असती. आठवड्यातून तीन-चार दिवस दुपारच्या जेवणाआधी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात पंधरा-वीस मिनिटं उन्हात उभं राहायला सांगा. सावळ्या कातडीला थोडं जास्त लागतं.

खाण्यातून डी फारशी मिळत नाही. बाहेर मटणच खातात तर कधी घाटाखालून येणारा बांगडा खावा, अंड्याचा पिवळा बलक खावा. पिशवीच्या दुधावर निळा '+एफ' असा शिक्का असेल तर त्यात ए आणि डी मिसळलेलं असतं.

पुडीचा हिशेब असा. रोजची गरज धरतात ६०० युनिट. पुडीत ६०,०००, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचं. कमतरता असताना डॉक्टर ती सहसा आठवड्याला एक अशी आठएक आठवडे देतात आणि मग कमी करतात. श्रावणापासून आजवर किती रविवार झाले ते तुम्हीच मोजा, वर डब्यातली डी आहेच. बहुतेकांना एवढ्यानं काही होत नाही. पण ज्यांना होतं त्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढतं, मग तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ आणि पुढं मूत्रपिंडाला त्रास, मुतखडा. आता डी आणि कॅल्शियम दोन्ही तपासून घ्या, मग पुढचं डॉक्टर ठरवतील. पुडी दुकानात मागितली की मिळते म्हणून ती मीठ-साखरेसारखी घ्यायची वस्तू नव्हे.

आणि आता तुम्ही. अख्ख्या पत्रात स्वतःबद्दल एक वाक्य लिहिलंत, तेही 'मला काही होत नाही' असं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय. तुमचं ९.४. जिना चढताना दम लागतो, हेच ते होणं. सासूचे पाय, नवऱ्याची डी, मुलाची तालीम सगळं नीट नोंदवलंत आणि स्वतःचा आकडा पुढं ढकलून दिलात. तुम्ही एकट्या नाही म्हणा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय निघाला. त्यामुळंच तर कुणाला त्यात विशेष वाटत नाही.

याचं सगळ्यांत मोठं कारण लोह कमी असणं, आणि लोह व्हिटॅमिन नव्हे, खनिज. पाळीला जास्त अंगावरून जातं का? चाळिशीत हे सर्रास होतं आणि बायका ते दुखणं समजतच नाहीत. जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, नाहीतर एका बाजूनं गोळी आणि दुसऱ्या बाजूनं गळती. डॉक्टर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि थायरॉइडही बघायला सांगतील.

जेवणात पोकळा, मेथी, हरभऱ्याची किंवा मटकीची उसळ वाढवा आणि त्यावर ताटातच लिंबू पिळा. भाजी-कडधान्यांतलं लोह एरवी कमी शोषलं जातं, सी व्हिटॅमिन बरोबर असलं की बरंच जास्त. सध्या पेरू आहेत. मध्यम आकाराच्या एका पेरूत दिवसाच्या गरजेच्या दुपटीहून जास्त सी असतं, जेवणानंतर अर्धा जरी खाल्ला तरी चालेल. आणि जेवण झाल्या झाल्या चहा टाकता ना? तो तासाभरानं घ्या. चहातले घटक लोह धरून ठेवतात. ही एक सवय बदलायला पैसे पडत नाहीत.

गूळ-शेंगदाण्याबद्दल कोल्हापूरकरांशी वाद घालायची माझी हिंमत नाही, गूळ आपलाच. पण ९.४ चं हिमोग्लोबिन गुळावर वर येत नाही, तेवढं लोह त्यात नसतं. गोळीच लागेल. सरकारी आरोग्य केंद्रातही लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळी चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून लांब घ्या. शौचाला काळी होईल, घाबरू नका. महिन्यानं हिमोग्लोबिन तपासा, एखाद्या अंकानं तरी वर आलं पाहिजे. १२ झालं म्हणून लगेच थांबू नका, साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने घ्यायची असते.

चिरंजीवांचं थोडक्यात. व्हिटॅमिनच्या गोळीनं लघवी पिवळीधमक होते, त्याला पोरं ताकद समजतात. ते बी-२ व्हिटॅमिन असतं, नको असलेलं बाहेर पडतंय. वस्तादांना विचारा म्हणावं खुराक म्हणजे काय. दूध, बदाम-खसखशीची थंडाई, तूप, अंडी, मटण, भाकरी, आणि वर झोप. अठराव्या वर्षी ताटभर जेवणाऱ्या, मटण-अंडी खाणाऱ्या पोराला डबा लागत नाही. दोन गोष्टी मात्र बघा. तालमीतली पोरं एकमेकांचं बघून दोन-तीन पावडरी घेतात आणि प्रत्येकीत बी-६ असतं. ते पाण्यात विरघळणारं असूनही जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर नसांना इजा करतं, हातापायाला आज्जीसारख्याच मुंग्या येतात. आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायची हौस असेल तर दूध घरी आणून उकळून प्यावं. कच्च्या दुधातून येणारा ताप महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. हे सांगितलं की तालमीतली मंडळी रागावतात, रागावोत.

उरल्या आक्का. त्या फसवतायत असं मला वाटत नाही. त्यांना कंपनीच्या बैठकीत जे सांगितलं तेच त्या सांगतात, आणि त्यांनीही पदरचे पैसे घालून माल उचलला असणार. म्हणून 'तुमच्या गोळ्या बेकार' असं म्हणू नका. आणि हे तुम्ही एकट्यानं बोलू नका. बहीण मिस्टरांची आहे, बोलू दे त्यांना. 'आक्का, आईला डॉक्टरांनी वेगळं औषध चालू केलंय, बाकीच्या गोळ्या तूर्त बंद ठेवतोय,' एवढं पुरे होतं. डॉक्टरांकडे जाताना आक्कांनाही बरोबर घ्या, आई त्यांच्याही आहेत. आणि डबा त्यांच्याच हातात द्या, डॉक्टरांना दाखवायला. लेबल वाचून डॉक्टर काय म्हणतात ते त्यांनी स्वतः ऐकलेलं बरं. वहिनीनं सांगितलं तर भांडण होतं, डॉक्टरांनी सांगितलं तर माहिती होते. आक्का चिडल्याच तर चार दिवस चिडतील. आईंचे पाय शांत झोपायला लागले की निवळतील.

घेतलेल्या डब्यांचं विचारलंत. सील न फोडलेले आक्कांना परत द्या, अशा कंपन्यांत माल परत घ्यायची सोय सहसा असते, ती त्यांनाच माहीत असेल. फोडलेला एक डबा डॉक्टरांच्या भेटीपर्यंत लेबलासाठी ठेवा. त्यानंतर तो टाकून द्या, आणि चिरंजीवांच्या हाती लागणार नाही असा टाका.